चाळीसाव्या पावलानंतर

माझी भाची राहते त्या कॉलनीला आता कुणी मैदान म्हणत नाही. अन्नपूर्णेच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आहे ती. चार-चार खोल्यांची घरं, दारात स्कूटर, गच्चीवर वाळत घातलेले पापड. परवा तिच्याकडे जेवायला गेलो तर पानावरून उठता उठता म्हणाली, "मामा, जरा अंगण बघा ना. ती रेघ परत आली."

बघितलं. सकाळी धुतलेली फरशी वाळली होती आणि तुळशीपासून न्हाणीच्या भिंतीपर्यंत एक पांढरी रेघ वर आली होती. बोटभर रुंद, सहा हात लांब, आणि सरळ. जावई म्हणाले सीलन आहे, ओल धरलीय. म्हटलं सीलन अशी आखल्यासारखी येते होय? गवंड्यानं दोनदा फरशी उखडली, खालची माती उपसून टाकली, डांबर ओतलं, फरशी परत बसवली. रेघ परत आली. भाची हळूच म्हणाली, "मिस्त्री तर बोलला, बहनजी, जमीन के नीचे कुछ तो है. मामा, उदकशांत करून घ्यायची का?"

मी म्हटलं, "काही करू नकोस. फक्त तिच्यावरून चपला घालून जाऊ नका."

मामा म्हातारपणी सटकले, असं तिला वाटलं असणार. वाटू दे. त्या रेघेचं वय तिच्यापेक्षा जास्त आहे, आणि ती आखणारा माणूस मला माहीत आहे. त्याला मंडळातून काढून टाकल्याचं पत्र मीच टाइप केलं होतं.

संस्थान गेलं, मध्यभारत झालं, तेव्हाची गोष्ट. त्या सरकारची एक गंमत होती. उन्हाळ्यात राजधानी आमच्या इंदूरला, हिवाळ्यात ग्वाल्हेरला. चैत्रात फायली पेट्यांत भरून आगगाडीनं यायच्या, बरोबर साहेब, साहेबांच्या बायका, साहेबांची कुत्री. दसरा झाला की सगळं लटांबर परत. मी सरकारात नव्हतो, आमच्या क्रीडा मंडळात कारकून होतो. पॅव्हेलियनच्या पायऱ्यांखालची एक खोली हेच माझं ऑफिस. त्यात एक टाइपरायटर, एक कपाट आणि खिडकीतून दिसणारं मैदान. गावाच्या बाहेर, भोवती ज्वारीची शेतं आणि जामफळांचे, म्हणजे पेरूंचे, बगीचे.

नोकरीच्या पहिल्या दिवशी भर दुपारी मी मैदानावर गेलो तर मधोमध एक माणूस पालथा पडलेला. डोक्याला मुंडासं, अंगात बंडी, पाय अनवाणी. हलेना. वैशाखातलं ऊन, आकाशात एक घार, बाकी शुकशुकाट. मला वाटलं, संपला हा. जवळ जाऊन वाकलो तर त्यानं मान न उचलता एक बोट वर केलं. थांबा. त्याचा कान जमिनीला लागलेला होता. बऱ्याच वेळानं उठला, गालाची माती पुसली आणि मला म्हणाला, "आत अजून पाणी चालतंय बाबूजी. उद्या नाही, परवा खेळवा."

मी नवा होतो, सामना उद्याचा होता, ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी पिचवर चेंडू पडला की तिथंच बसायचा. खेळणाऱ्यांनी मला शिव्या घातल्या. त्यानं काही म्हटलं नाही. त्यानंतर त्याच्या कानाशी हुज्जत घालायची नाही, हे मी ठरवून टाकलं.

रखमाजी त्याचं नाव. बाप संस्थानच्या पागेत होता, आजा फौजेबरोबर दक्षिणेतून आलेला. घरात मराठी, बाहेर माळवी, आणि मैदानावर बहुतेक काहीच नाही. मैदान झालं तेव्हापासून तो होता, म्हणजे वीस-बावीस वर्षं. रोलर ओढणं, धुम्मसानं माती चोपणं, पाणी घालणं, गवत कापणं, चुन्याच्या रेघा आखणं, फाटकाचं कुलूप, जाळ्यांची दुरुस्ती, सगळं तो एकटा. रोलरच्या शेडला लागून त्याची खोली होती. तिथं एक चूल, एक घोंगडी आणि चुन्याची नांद. माणूस बुटका, अंगानं काटक, पावलं लहान.

त्याचे काही नियम होते. पिचवर चपला-बूट चालायचे नाहीत, खेळ चालू असेल तेवढा वेळ सोडून. हे सगळ्यांना लागू. राजवाड्यातले एक मोठे सरदार एकदा सामन्याआधी पिच बघायला उतरले, तर हा आडवा गेला आणि हात जोडून म्हणाला, "सरकार, पादत्राणं." सरदारांनी बूट काढले, मोजे काढले, आणि गोऱ्या पायांनी पिचवर चालून आले. पुढं वर्षानुवर्षं ते स्वतःच ही गोष्ट सांगायचे. जुनी माणसं तशी होती, त्यांना मान जाण्याची भीती नव्हती.

दुसरी सवय फाटकाची. मैदानाला एक लहान लाकडी फाटक होतं. रखमाजी बाहेर पडला की लगेच फाटक लोटायचा नाही. हातानं ते धरून थोडा वेळ उभा राहायचा, मागून कुणी येतंय तसा. मग लोटायचा आणि कडी घालायचा. आत येतानाही तसंच. पहिले काही महिने मला वाटलं माझ्यासाठीच धरलंय, म्हणून मी दोनदा धावत गेलो. त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी मध्येच घुसलोय.

आणि तिसरी गोष्ट पिच मोजण्याची. आमच्या मैदानाला पिच एकच, मातीचं. स्टंपांपासून स्टंपांपर्यंत बावीस यार्ड लागतात हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक, आणि ते टेपनं मोजतात हेही. रखमाजी टेपला हात लावायचा नाही. पावलांनी मोजायचा. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा, असा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. तेही बरोबर भर दुपारी, सावली पायाखाली गेली की. "सावली आडवी पडली की पाऊल फसतं," म्हणायचा. त्या वेळी कुणी बोलायचं नाही, कुणी जवळ उभं राहायचं नाही. हात पाठीशी, नजर समोर. निम्म्यावर गेला की थांबायचा. मान थोडी डावीकडे कलती करायचा. मग पुन्हा चालू लागायचा आणि शेवटी त्याचा अंगठा जिथं टेकेल तिथं स्टंप रोवायचा आणि चुन्याची रेघ मारायचा. ही रेघ दरवेळी जुन्या रेघेवरच पडायची. केसभर इकडे तिकडे नाही.

एकदा मी विचारलं, "रखमाजी, मध्येच का थांबता?"

तो रोलरच्या दांड्याला तेल देत होता. म्हणाला, "मला दोन विसांच्या पुढं मोजता येत नाही ना बाबूजी. चाळीस झाले की माझं संपलं."

"मग पुढचं?"

"पुढचं ती मोजते."

ती म्हणजे कोण, ते मला शेडमागं राहणाऱ्या एका शिंपीण बाईनं सांगितलं. रखमाजीची बायको. हे पिच बनलं तेव्हा तलावातली काळी माती डोक्यावर टोपलीनं तिनं वाहिली होती. पिचचं काम संपत आलं होतं, आणि एका दुपारी, तिथंच, पिचच्या मध्यावर, टोपली डोक्यावर असताना ती खाली बसली ती उठली नाही. ऊन लागलं म्हणाले. मोजणारी तीच होती. बाजारात तीच हिशेबी, हा आपला भोळा. टोपल्या तीच मोजायची.

मी हे ऐकलं. त्या दिवसापासून पिचकडे बघताना माझी नजर मध्यावर जायची. तिथं कधी कावळा बसलेला मी पाहिला नाही, कुत्रं आडवं गेलेलं पाहिलं नाही. बाकी मैदानभर बसायचे. तुम्ही म्हणाल, कारकून माणूस, दुपारी झोप येत असेल. असेल बुवा.

आता टेपचं सांगतो, कारण सगळं तिथं येऊन अडकतं. मंडळाकडे कापडाचं एक टेप होतं, चामड्याच्या गोल डबीत, पितळी कडीचं. विलायती. रखमाजी ते वापरत नसल्यामुळं लांब उडीच्या वेळीच ते बाहेर निघायचं. कुणीतरी ते चुन्याच्या नांदेशेजारी टाकलं आणि त्याचं टोक चुन्यानं खाऊन टाकलं. कडी गळून पडली. मी ते सियागंज बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या एका मोच्याकडे नेलं. त्यानं कुजका भाग कापला, नवी कडी शिवून दिली, काम पक्कं. मी खूश होऊन परत आलो आणि कपाटात ठेवलं. पुढची दोन वर्षं आमच्या मंडळाचे गडी लांब उडीत एकदम पुढं गेले. सगळ्यांनी पाठ थोपटली. मीही थोपटून घेतली, कारण व्यायामाचा तक्ता मी लावला होता.

मग घारेसाहेब आले. सचिवालयातले अधिकारी, उन्हाळ्यात इंदूरला असायचे, आणि त्या वर्षी आमच्या मंडळाचे सेक्रेटरी झाले. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणतो. टापटिपीचा होता, आणि आपण बोललो की काम व्हायला पाहिजे असं त्यांना वाटायचं. पहिल्याच आठवड्यात चार पाहुणे घेऊन ते मैदान दाखवायला आले आणि बुटांसकट पिचकडे निघाले. रखमाजी आडवा गेला, हात जोडले. "साब, पादत्राणं."

साहेब हसले, पाहुणे हसले. साहेब पुढं निघाले. हा बाजूला होईना. साहेबांचा चेहरा उतरत गेला तो मी खिडकीतून बघितला. शेवटी ते कडेकडेनं फिरून परत आले. बूट काढले नाहीत, पण पिचवरही गेले नाहीत. पाहुण्यांसमोर ते झालं ते त्यांच्या मनात राहिलं.

आणि इथं मी माझी करणी केली. दसऱ्याच्या आधीचे दिवस, साहेब ग्वाल्हेरला परतायच्या तयारीत. माझ्या खोलीत चहा प्यायला बसले. मूड ठीक नव्हता. त्यांना जरा हसवावं म्हणून मी रखमाजीचा किस्सा सांगितला. दोन विसा आणि पुढचं मेलेली बायको मोजते, हा. रंगवून सांगितला, मान कशी कलती करतो ते करूनही दाखवलं. साहेब हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जोशी, म्हणजे आपलं पिच एक वेडा माणूस भुताला विचारून आखतो?"

मी म्हटलं, "तसं नाही साहेब, बरोबर असतं."

"टेप आणा."

दुपारची वेळ होती. कडी मी धरली, एका टोकाच्या स्टंपाला लावून. दुसऱ्या टोकाला साहेब स्वतः वाकले. रखमाजी दूर उभा होता, हात पाठीशी. साहेबांनी आकडा वाचला, पुन्हा वाचला, आणि मला हाक मारली. मीही वाचला. पिच बावीस यार्डांपेक्षा वीतभर जास्त भरत होतं.

"काय रे, हे काय आहे?" साहेब म्हणाले.

"साब, चार विसा पावलं आहेत. नेहमीची आहेत."

"टेप खोटं बोलतंय का?"

रखमाजीनं मध्याकडे बघितलं. मान कलती केली. वारा नव्हता. मग तो शांतपणे म्हणाला, "ती म्हणते, टेप खोटं बोलतंय."

संपलं. असं म्हणायला नको होतं, पण त्याला खोटं बोलता येत नव्हतं. साहेबांनी त्याच संध्याकाळी मला पत्र सांगितलं. इंग्रजीत. डोकं ठिकाणावर नसल्यामुळं कामास अयोग्य, आठ दिवसांत खोली रिकामी करावी. मी टाइप केलं. माझी बोटं थांबली नाहीत. बायकोला सातवा महिना होता, आणि माणसाला काय लागतं गप्प बसायला, एवढंसं कारण पुरतं.

पत्र मीच वाचून दाखवलं, मराठीत. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "नोकरीचं ठीक आहे बाबूजी. पण वीत जास्त कसं? माझं पाऊल खोटं नाही. साबांना म्हणावं, एकदा दुसऱ्या मापानं बघा. मग जा म्हणा, जातो." एवढंच मागणं होतं त्याचं. ते मी साहेबांना सांगितलं. त्यांनी पेटीला कुलूप घालता घालता "पुढच्या उन्हाळ्यात बघू" म्हटलं आणि स्टेशनवर गेले.

आठव्या दिवशी रखमाजीनं पिचवर पाणी मारलं, रोलर फिरवला, शेड झाडली, किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, "ते टेप जरा दाखवता?"

दाखवलं. त्याला आकडे वाचता येत नव्हते. त्यानं कडी दोन बोटांत धरली, टोक नाकाशी नेलं.

"चुना खाल्लाय यानं," म्हणाला. "कडी नवी दिसते."

"हो, जुनी पडली होती. मीच बसवून आणली."

त्यानं मान हलवली आणि टेप परत दिलं. आणि मी, तेरा यत्ता शिकलेला माणूस, ते डबीत गुंडाळून कपाटात ठेवलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते.

तो गाठोडं घेऊन फाटकाशी गेला. बाहेर पडला आणि फाटक धरून उभा राहिला. नेहमी थोडा वेळ राहायचा, त्या दिवशी खूप वेळ राहिला. मी खिडकीतून बघत होतो. शेवटी त्यानं हात काढला आणि फाटक उघडंच टाकून निघून गेला. मी नंतर जाऊन कडी घातली.

त्याच्या जागी अंबालाल आला, साहेबांच्या जमादाराचा कुणी नातेवाईक. तरणाबांड, बोलका, दिसेल त्याला "क्या भिया" म्हणणारा. त्यानं टेप लावून पिच आखलं, आणि एका टोकाची रेघ वीतभर आत घेतली. जुनी रेघ खरवडून, वर माती लिंपून टाकली. कार्तिकातला पहिला सामना सुरू झाला आणि आमचा सलामीचा फलंदाज, वीस वर्षं त्या पिचवर खेळलेला, चौथ्याच चेंडूवर छातीत मार खाऊन बसला. पाणी पाजलं तर म्हणाला, "चेंडू लवकर येतोय." गोलंदाज तेच तेच होते. त्या हंगामात ज्यानं त्यानं हेच म्हटलं. कुणाचं बोट मोडलं, कुणाची बरगडी गेली. वीतभरानं काय होतं, असं कुणी हुशार माणूस विचारील. मला नाही माहीत. पण खेळाडू पिचकडे जाताना गप्प होऊ लागले, आणि दोघांतिघांनी तर कुणी न सांगता काठावर बूट काढून पिचला हात लावला. मैदान लागलंय, असं लोक बोलू लागले.

आणि मग ती रेघ. अंबालालनं पहिल्यांदा पाणी मारलं, दुपारी पिच वाळलं, आणि त्याच्या नव्या रेघेमागं वीतभर अंतरावर जुनी रेघ वर आली. पांढरी, सरळ. त्यानं ती खरवडली. पुन्हा पाणी, पुन्हा दुपार, पुन्हा रेघ. मी त्याला समजावलं, वीस वर्षांचा चुना जमिनीत मुरलाय, वर येणारच. तो म्हणाला, "बाबूजी, चुना फिर दूसरी जगह क्यों नहीं आता? नांद तर तिकडे उलटली होती, तिथं का नाही?" त्यानं हातभर खोल खणून माती बदलली. तीन दिवस काही नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी खिडकीतून बघत होतो. काळं पिच, त्याच्यावर वाफ, आणि पिचच्या एका कडेकडून रेघ उमटत उमटत दुसऱ्या कडेकडे चालली होती, कुणी आखतंय तशी, दम घेत घेत. मधोमध ती थांबली. मग ती पुढं निघाली.

अंबालाल संक्रांतीच्या आधीच पळाला. पगार न्यायलाही आला नाही.

दोन रेघा, एक खरी, एक खोटी, आणि त्यांतली कुठली कुठली ते कळावं म्हणून मी एका दुपारी टेप घेऊन पिचवर गेलो. चपला काढल्या. दोन रेघांमधलं अंतर मोजलं. डोळ्यांना ती सरळ एक वीत दिसत होती. टेप म्हणत होतं दीड फूट. मी वेड्यासारखा बघत राहिलो. मग कडीजवळचा आकडा बघितला. कडीच्या अंगाशी पहिला आकडा होता दहा.

मोच्यानं कुजका भाग कापला होता, तो नऊ इंचांचा होता. टेप शून्यापासून सुरूच होत नव्हतं. दोन वर्षं आमचे गडी लांब उडीत वीतभर पुढं कसे गेले तेही तेव्हा कळलं. आणि रखमाजीचं पाऊल, आणि तिचं मोजणं, दोन्ही बरोबर होतं. खोटं होतं ते माझं. मी तिथंच मातीवर बसलो. बसलो तेव्हा लक्षात आलं, मी पिचच्या मध्यावर येऊन बसलोय. तिथं कसा आलो ते मला आठवत नाही. उन्हातही ती जागा गार होती.

तेव्हाच ग्वाल्हेरला पत्र टाकायला हवं होतं. टाकलं नाही. टेप मी बसवून आणलं, कडी मी धरली, किस्सा मी सांगितला, पत्र मी टाइप केलं. साहेब कुणाला काढणार ते उघड होतं. घरात तान्हं मूल होतं. मी होळीपर्यंत गप्प बसलो. सांगायला लाज वाटते, पण तसंच झालं.

चैत्रात पेट्या आल्या, साहेब आले. रेघ दर चौथ्या दुपारी वर येतच होती, आणि मला खिडकीकडे पाठ करून बसायची सवय लागली होती. एक दिवस उठलो आणि साहेबांसमोर टेप ठेवलं, कडी दाखवली, सगळं सांगितलं. माझी चूक आहे, मला काढा, त्याला परत घ्या, म्हटलं. साहेबांनी तो दहाचा आकडा बराच वेळ बघितला. त्यांचा चेहरा पांढरा पडला, हे मी बघितलं. मग त्यांनी टेप खणात टाकलं.

"नवं टेप आणा आणि रेघ जुन्या जागी घ्या," म्हणाले. "तुम्हाला कुणी काढत नाही."

"आणि रखमाजी?"

"त्याला परत घेतला तर मी त्याला काढला कशाबद्दल, हे लिहावं लागेल, जोशी. कमिटीपुढं. ते कोण लिहिणार?"

मी लिहितो म्हणालो. ते म्हणाले, "सही माझी लागते." आणि दुसरी फाइल उघडली.

नवं टेप आलं. पिच मोजलं. जुन्या रेघेपासून जुन्या रेघेपर्यंत बावीस यार्ड, एक सूत कमी नाही, एक सूत जास्त नाही.

रखमाजी, आज अन्नपूर्णेचं देऊळ आहे त्याच्या पलीकडे, एका जामफळांच्या बगीच्यात राखणीला होता. झाडाखाली बसलेला. वाळला होता. मी टेपचं सगळं सांगितलं, माझ्या तोंडानं, न चुकवता. त्यानं ऐकलं. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

"साबांनी काय म्हटलं?" त्यानं विचारलं.

"रेघ जुन्या जागी घ्या म्हणाले."

"आणि मी?"

मी खाली बघितलं. एक जामफळ झाडावरून पडलं, ते त्यानं उचलून माझ्या हातात दिलं. मग म्हणाला, "एकदा चालू द्या मला. एकदाच."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला. फाटकाबाहेर चपला काढून हातात घेतल्या, आत आला. फाटक धरून ठेवलं नाही. मैदानावर आम्ही दोघंच. घार होती वर. त्यानं चपला काठावर ठेवल्या, एका टोकाच्या रेघेवर टाच लावली आणि निघाला. टाचेला अंगठा, टाचेला अंगठा. ओठ हलत होते. चाळीसाव्या पावलावर थांबला. मान डावीकडे कलती केली.

उभा राहिला. खूप वेळ उभा राहिला. त्याच्या कपाळावरून घाम गळून पिचवर पडत होता.

"काय झालं रखमाजी?"

"बोलत नाही," तो म्हणाला. "मी सोडून गेलो ना. रुसलीये." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "बाबूजी, तुम्ही मोजा."

मी मोजायला लागलो. एक्केचाळीस. बेचाळीस. माझा आवाज मला परका वाटत होता. पन्नास झाले, पंचावन्न झाले. साठाच्या आसपास माझा आकडा चुकला. मी थांबलो. कितीपर्यंत आलो होतो तेही विसरलो. पण तो थांबला नाही. त्याची मान डावीकडे झुकली होती आणि चेहऱ्यावरचा ताण गेला होता. पाऊल, पाऊल, पाऊल. मैदानात कसलाही आवाज नव्हता. शेवटचा अंगठा टेकला तो पांढऱ्या रेघेवर, नेमका.

"किती झाली?" मी विचारलं.

"चार विसा."

"मी तर मध्येच थांबलो होतो."

"माहीत आहे," तो म्हणाला.

तो वाकला, रेघेला बोट लावलं, ते बोट कपाळाला लावलं. म्हणाला, "बाबूजी, ही रेघ आता कुणी खरवडू नका. मला तुम्ही बाहेर काढलं ते काढलं. तिला इथंच राहू द्या. तिनं ही माती वाहिली आहे, ती कुठं जाणार?"

मी हो म्हटलं. पुढं मंडळ बुडालं, मैदान विकलं गेलं, प्लॉट पडले, माझ्या शब्दाला कोण विचारतं. पण तेव्हा हो म्हटलं होतं.

त्यानं काठावरच्या चपला उचलल्या, हातातच धरल्या, आणि फाटकाकडे गेला. त्यानंतर तो मला दिसला नाही. पावसाळ्यात मी बगीच्यात गेलो तेव्हा तिथं दुसरा राखणदार होता. त्या दुपारी मी पिचच्या टोकाशी उभा राहून त्याला जाताना बघत होतो. बाहेर पाऊल टाकल्यावर तो आता थांबेल, फाटक धरून उभा राहील, असं मला वाटलं, आणि माझी नजर आपोआप पिचच्या मध्याकडे गेली. तो थांबला नाही. त्यानं मागं वळून फाटक लोटलं, नीट कडी घातली, ती बसली का ते एकदा ओढून बघितलं, आणि मग चपला पायात घातल्या.